लागण, खोडवा आणि रिमेक

एकच गोष्ट सर्वांत जास्त वेळा नव्यानं सांगण्याचा मान हॉलिवूडचा, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा बारामतीला येऊन जावं. हे काम आमच्या गावात अठराव्या शतकातच उरकलेलं आहे. मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, पण हयात काढली बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं, कऱ्हेच्या काठी. १७९४ साली ते गेले. मधल्या काळात त्यांनी १०८ रामायणं लिहिली. छपाईची चूक नाही, एकशे आठच. वनवास दर वेळी चौदा वर्षांचा, सोन्याचं हरीण दर वेळी तेच, आणि शेवटी काय होणार हे पहिल्या दिवसापासून अख्ख्या गावाला ठाऊक. तरी पंत लिहीत राहिले आणि लोक ऐकत राहिले.

‘ह्यात नवीन काय?’ हा प्रश्न हल्ली प्रत्येक रिमेकला विचारतात. मोरोपंतांना तो १०७ वेळा विचारला गेला असणार, निदान घरातून तरी. पण पंतांकडे उत्तर तयार असे, कारण ते स्वतःच स्वतःला नवीनवी अडचण घालून घेत. एका रामायणात रामाच्या मंत्राची अक्षरं गुंफायची, ते मंत्ररामायण. एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता जरा हिशेब करा. राम म्हणायची सोय नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, हनुमान तर नाहीच नाही. बिनदिक्कत आत येऊ शकतात कोण, तर सीता, दशरथ आणि कैकेयी. बरं, लिहून झाल्यावर खाली नाव घालावं तर ‘मोरोपंत’ म्हणताना ओठ मिटतात, गाव लिहावं तर ‘बारामती’ म्हणतानाही मिटतात. नायकाचं, स्वतःचं आणि गावाचं नाव न घेता ह्या गृहस्थानं रामायण तडीस नेलं. आणि आजचे पटकथालेखक म्हणतात, निर्मात्यानं आम्हाला मोकळीक दिली नाही.

एवढी १०८ पचवलेल्या गावाचं पोट तसं घट्ट. ग. दि. माडगूळकरांनी आणि सुधीर फडक्यांनी १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ५६ गाण्यांचं ‘गीतरामायण’ सुरू केलं, ते तर इतकं मानवलं की इथल्या विद्या प्रतिष्ठानच्या सभागृहाला गदिमांचं नाव आहे. रामानंद सागरांचं १९८७ चं रामायण टाळेबंदीत, २०२० साली, दूरदर्शननं जसंच्या तसं पुन्हा लावलं. तेव्हाही लोकांनी चप्पल बाहेर काढून पाहिलं, घरातच असूनसुद्धा. बिघडलं ते फक्त २०२३ साली. ‘आदिपुरुष’ आला. त्यातले संवाद ऐकून देशभर असा गहजब झाला की प्रदर्शनानंतर ते बदलावे लागले. दिग्दर्शक ओम राऊत, म्हणजे मराठी माणूस. मोरोपंतांनी १०८ वेळा सांभाळलं ते आपल्याच माणसाच्या हातून १०९ व्या वेळी निसटावं ह्याला काय म्हणायचं!

कऱ्हेच्या पाण्यातच काहीतरी असावं असं मला वाटतं, कारण हीच नदी धरून वर सासवडला गेलं की आचार्य अत्रे भेटतात. ब्रँडन थॉमस ह्या इंग्रज नाटककाराचं ‘चार्लीज आंट’ १८९२ सालचं. अत्र्यांनी त्या मावशीला इकडं आणलं, लुगडं नेसवलं आणि ‘मोरूची मावशी’ म्हणून उभी केली. पुढं विजय चव्हाणांनी ती अशी गाजवली की ही बाई मूळची विलायतेची, असं कोणी म्हणालं तर लोक त्यालाच वेड्यात काढतील. चार्ली कोण, कुणाचा, कोणाला पडलंय? मोरू आपला. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजऱ्या’चंही तेच. १९३० सालच्या ‘ब्लू एंजल’ ह्या जर्मन बोलपटात एक प्राध्यापक नाचणाऱ्या बाईपायी धुळीला मिळतो. १९७२ साली त्याचा आपल्याकडं मास्तर झाला, तमाशाच्या फडात उभा राहिला, आणि जर्मनी कोणाच्या डोक्यातही आली नाही.

आता ह्याला रिमेक म्हणायचं, ‘गीतरामायणा’ला काय म्हणायचं आणि टाळेबंदीतल्या रामायणाला काय, ह्यावर शहरातली शहाणी पोरं तासन्‌तास भांडतात. रिमेक, रिबूट, रिव्हायव्हल. वरून सिक्वेल, प्रीक्वेल, स्पिन-ऑफ. माझा धाकटा मामेभाऊ पुण्यात शिकतो आणि ह्या विषयात त्याचा अधिकार मोठा आहे, म्हणजे त्याच्याकडे चार ओटीटींचे पासवर्ड आहेत. त्यातला एकही त्याचा नाही. दिवाळीत निमगाव केतकीला मामांच्या ओट्यावर तो मला सांगत होता, ‘दादा, तू ज्याला रिमेक म्हणतोस ना, तो टेक्निकली रिबूट आहे.’ मामा सुपारी कातरत ऐकत होते. बराच वेळ ऐकलं, मग म्हणाले, ‘आरं, एवढंच ना? मग लागण हाय का खोडवा, असं इचार की सरळ.’

आणि खरोखर, इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला हा विषय शिकवायला जाणं म्हणजे जेजुरीला हळद विकायला नेणं. जे शहराकडचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऊस पहिल्यांदा लावतात ती लागण. रान नांगरायचं, सऱ्या पाडायच्या, बेणं आणायचं, दोन डोळ्यांची टिपरी तोडून पुरायची, पाणी द्यायचं. आडसाली असेल तर जुलै-ऑगस्टात लावायची आणि सोळा-अठरा महिने तिच्या तोंडाकडं बघत बसायचं. ऊस तुटून कारखान्याला गेला की बुडखे रानातच राहतात. त्यांना पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. खोडवाही तुटला आणि तरी मालकाला मोह आवरला नाही तर तिसऱ्यांदा जे येतं तो निडवा.

खोडव्याचं गणित मोठं लोभस असतं. नांगरट नाही, बेण्याचा खर्च नाही, लावणाऱ्या माणसांची मजुरी नाही, आणि पीक बाराव्या महिन्याला तोडीला तयार. वजन लागणीपेक्षा कमी भरतं, पण खर्चही किती केलाय? मला खात्री आहे की मुंबईत वाहिन्यांच्या बैठकीत पडद्यावर जे आकडे दाखवतात ते हेच असतात. नाव तयार आहे, शीर्षकगीत तयार आहे, प्रेक्षक तयार आहेत. फक्त पाणी सोडायचं.

पण मामा मला सकाळी रानात घेऊन गेले आणि त्यांनी जे दाखवलं ते त्या बैठकीत कोणी दाखवत नसणार. ऊस नुकताच तुटून गेलेला. पाचट सरीत पसरलेलं. दोन गडी कोयते घेऊन वाकून चालले होते आणि उभे राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटत होते, अगदी जमिनीबरोबर. मी विचारलं, एवढं खाली कशाला? मामा म्हणाले, ‘वर ठेवलं तर वरच्या डोळ्याला फुटतंय. ते दिसायला बेस, पण त्याला खाली मूळ नसतंय. वाऱ्यानं पडतंय.’ मग बगला फोडायच्या, म्हणजे सरीच्या दोन्ही कडा नांगरानं मोकळ्या करायच्या, जुनी मुळं तोडायची, म्हणजे नवी सुटतात. आणि खत लागणीला देता तेवढं मन लावून द्यायचं. ‘लोकं काय करत्यात, खोडवाच हाय म्हणून नुसतं पाणी सोडत्यात. मग म्हणत्यात, खोडवा परवडत न्हाय.’

मी मनातल्या मनात एका परत आलेल्या मालिकेचं नाव घेतलं. मामांनी ते ओळखलं नाही, कारण त्यांनी ती तिसऱ्या भागातच सोडली होती.

तर खोडवा म्हणजे रिव्हायव्हल. मूळ तेच, रान तेच. ‘सीआयडी’ १९९८ ला लागली, २०१८ ला तुटली आणि २०२४ च्या डिसेंबरात तिला फुटवा आला. शिवाजी साटम तेच, आदित्य तोच, दया तोच. फक्त पूर्वी दया दार तोडायचा तेव्हा आम्ही दाराची काळजी करायचो, आता दयाच्या खांद्याची करतो. मधे साटमांच्या एसीपी प्रद्युम्न ह्यांना मारून टाकलं. लोक इतके चिडले की जणू घरातलं माणूस गेलं, आणि साहेब पुढं परतही आले. स्मृती इराणींची तुलसी २००८ ला गेली होती, ती २०२५ च्या जुलैत परत आली. मधे १७ वर्षं गेली, सरकारं बदलली, मामींच्या घरात दोन सुना आल्या. पण मामींना त्या विराणी कुटुंबातलं एकही नातं कोणाला विचारावं लागलं नाही. सख्ख्या चुलत नणंदेच्या मुलीचं नाव मात्र त्या अजून विसरतात.

नाटकात हा खोडवा फार चांगला घेतात, हे कबूल केलं पाहिजे. सुनील बर्वे ह्यांनी २०१० च्या सुमारास ‘हर्बेरियम’ नावानं जुनी नाटकं काढली, ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ अशी पाच. आणि प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग, हे आधीच सांगून टाकलं. खोडवा एकदाच, निडव्याचा विचार नाही. एवढा संयम आमच्या तालुक्यात ऊस परवडणाऱ्या माणसालासुद्धा जमत नाही. आणि ‘कट्यार काळजात घुसली’ तर बघा. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकींचं संगीत, १९६७ साली वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. पुढं तेच खाँसाहेब रंगमंचावर केले नातवानं, राहुल देशपांड्यांनी. मग २०१५ ला सुबोध भावे ह्यांचा सिनेमा आला, पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा पुन्हा राहुलचा. रान बदललं, मूळ मात्र घराण्यातलंच राहिलं.

बेणं दुसऱ्याचं आणून आपल्या रानात लावणं म्हणजे रिमेक. ह्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आमच्याकडचा सगळ्यात लाडका ऊस शहाऐंशी-शून्य-बत्तीस, म्हणजे ‘को ८६०३२’. त्यातलं ‘को’ म्हणजे कोइमतूर! फलटणकडच्या पाडेगावच्या संशोधन केंद्रानं तो इथल्या रानात पारखला, १९९६ साली त्याची शिफारस केली आणि नाव ठेवलं ‘नीरा’. दक्षिणेतून आणलेला, मराठी नाव लावलेला आणि तुफान चाललेला. सचिनच्या ‘अशी ही बनवाबनवी’चं बेणं तरी कुठलं? हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’चं. मूळ सिनेमा आज शोधून बघावा लागतो. १९८८ सालची आपली आवृत्ती मात्र दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर असतेच, आणि नसली तर मामा वाहिनीला शिव्या घालतात.

आता ‘सैराट’. ह्या विषयावर इंदापुरात जपून बोलावं लागतं. उजनीच्या पाण्यापलीकडं करमाळा तालुका, तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे. भिगवणवरून रेल्वेत बसलं की पुढंच येतं. इकडं नीरेपलीकडं अकलूज, तिथली रिंकू राजगुरू. म्हणजे एका नदीच्या पलीकडं दिग्दर्शक, दुसरीच्या पलीकडं नायिका आणि मधे आम्ही. त्यामुळं २०१६ साली तो सिनेमा आला तेव्हा इंदापूरकरांनी तो घरच्या लग्नासारखा पाहिला. त्यातली विहीर बघून ‘हितं आपण पवायचो’ म्हणणारी माणसं मला इतकी भेटली की ती सगळी खरंच तिथं पोहत असती तर विहिरीत पाणी राहिलं नसतं.

मग बेणं वाटायला सुरुवात झाली. कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ निघाला, त्यांनी तर नायिकाही अकलूजचीच नेली, पुन्हा रिंकूच. पंजाबी झाला, ओडिया झाला, बंगाली झाला. आणि २०१८ ला हिंदीत ‘धडक’. करमाळ्याचं उदयपूर झालं. केळीच्या बागांच्या जागी तलाव आणि हवेल्या आल्या. दिसायला देखणा, आमच्या भिगवणच्या फ्लेमिंगोंपेक्षाही देखणा. पण मूळच्या सिनेमात ज्यानं पोटात कालवाकालव होते ती जात पार पुसट झाली होती. मामांनी तो टीव्हीवर पाहिला. मध्यंतराला म्हणाले, ‘पोरं चांगली हायती. पण ह्यांचं लगीन लावून द्यायला ह्यांच्या घरच्यांना अडचण काय हाय, ते कळंना.’ मी समीक्षकांचे लांबलचक लेख वाचले होते. त्यांना जे आठ कॉलमांत सांगायचं होतं ते हेच.

त्यापुढची गंमत म्हणजे ‘धडक २’. २०२५ साली आला. नावावरून वाटलं, गोष्ट पुढं जाणार. तर तो निघाला मारी सेल्वराज ह्यांच्या २०१८ च्या ‘परियेरुम पेरुमाल’ ह्या तमिळ सिनेमाचा रिमेक. नाव एका मराठी सिनेमाच्या हिंदी रिमेकचं आणि कथा तमिळ. मामेभाऊ ह्यावर पंधरा मिनिटं गप्प होता. त्याच्या कोष्टकात हे बसेना. मामांना लगेच कळलं. ‘सातबारा एकाच्या नावावर, पीक दुसऱ्याचं. तलाठ्याला इचार, असली परकरणं लई असत्यात.’ गंमत अशी की जातीचा जो काटा पहिल्या ‘धडक’मधून काढला होता तो ह्या दुसऱ्यात होता, म्हणजे पीकपाहणी लावायला थोडा उशीर झाला म्हणायचा.

उरला रिबूट. जुने बुडखे उपटून, रान खोल नांगरून त्याच जागी नवी लागण करायची. रानाचं नाव मात्र तेच ठेवायचं. हॉलिवूडच्या कोळीमानवावर हा प्रयोग फार झाला. २००२ साली एकदा, २०१२ साली पुन्हा पहिल्यापासून, २०१७ साली पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी मुलगा शाळकरी होतो. पहिल्या दोन्ही खेपेला त्याचे काका मारले जातात. एकाच माणसाचं तेरावं दहा वर्षांत दोनदा. तिसऱ्या खेपेला निर्मात्यांनाच भीड वाटली असावी, त्यांनी काकांना दाखवलंच नाही.

आमच्याकडं रिबूट सिनेमात फारसा होत नाही. तो झाला धरणामुळं. पुणे-सोलापूर रस्त्यावर पळसदेव लागतं ते नवं. जुनं पळसदेव १९८० ला उजनी भरली तेव्हा पाण्याखाली गेलं. नाव तेच, माणसं तीच, बाकी सगळं पहिल्यापासून. त्या लोकांना कोणी विचारून हे केलं नव्हतं. पण जुन्या गावातलं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर आहे तसं आहे. उन्हाळ्यात धरण उतरायला लागलं की आधी शिखर वर येतं, दुष्काळ कडक असला तर सबंध मंदिर. मग गाड्या येतात, रील होतात, गर्दी होते, आणि सगळे जण परतताना भिगवणला चिलापीचं ताट मागवतात. एवढी खात्रीशीर पुनरागमनं कुठल्याही मालिकेला जमलेली नाहीत. फक्त मंदिराचा हंगाम चांगला गेला की शेतकऱ्याचा वाईट गेलेला असतो, त्यामुळं पाहायला येणारे बाहेरचे आणि गप्प उभे राहणारे इथले, हे लगेच ओळखू येतात.

ह्या सगळ्यात मामांचा नियम एकच आहे आणि तो मला कुठल्याही चित्रपटविषयक पुस्तकात सापडलेला नाही. ‘खोडवा घ्यायची लाज कसली? सगळं गाव घेतंय. पण खोडवा घेऊन लागण म्हणून सांगायचं न्हाय.’ सिनेमावाले नेमकं तेच करतात. जुनं उगवलेलं असतं, आणि जाहिरातीत म्हणतात, ‘एका नव्या युगाचा प्रारंभ’. अडचण अशी की कारखाना खोडव्याला आणि लागणीला टनाला सारखाच भाव देतो, आणि तिकीटखिडकीवरही दोन्हीचा दर एकच असतो. मात्र उसाला निदान काट्यावर वजन करून पैसे मिळतात. सिनेमाचं तिकीट आधी घ्यावं लागतं.

मामेभाऊ हे ऐकून जरा चिडला. म्हणाला, ‘अण्णा, मग तुम्ही स्वतः काय बघता सांगा ना.’ मामांची आठवड्यातून काही दिवस रात्रीची लाईट असते. मोटर चालू करून ते विहिरीवरच्या खोलीत पडतात आणि मोबाइलवर ‘सीआयडी’ लावतात. ते म्हणाले, ‘जुनं बी बघतो, नवं बी बघतो.’ नव्यातलं काय आवडलं, असं त्यानं विचारलं. मामा बराच वेळ आठवत राहिले. तेवढ्यात मामी आतून चहा घेऊन आल्या.

‘त्यांना काय विचारतोस? दोन्ही लावतात आणि दोन्हीला झोपतात. परवा सरी फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं, तरी जाग न्हाई. शेवटी दयानं दार तोडल्याच्या आवाजानं उठले.’

‘जुना का नवा?’ मामेभावानं विचारलं.

‘आरं, दारच आपलं होतं. शेजारी आलता सांगायला.’